उचललेला विडा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायला आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी मांडी घालून ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष द्या. ही गोष्ट शहाण्या माणसाची आहे, आणि शहाणी माणसंच अशा घोळात सापडतात.

त्या राज्यात ज्याला राजासमोर बोलता येत नसे, त्याच्यासाठी वकील बोलायचा. वकिलापुढे विड्याचं तबक ठेवायचं. त्याने विडा उचलला की काम त्याने घेतलं. आणि एकदा विडा उचलला की समोरचा जे सांगेल ते वकिलाच्या पोटात. बायकोला नाही, देवाला नाही, राजालाही सांगायचं नाही.

तिथे एक नावाजलेला वकील होता. उभा राहिला की दरबार गप्प व्हायचा. एके दिवशी सगुणा नावाची माळीण त्याच्याकडे आली. हातात तबक, डोळ्यांत पाणी.

"वकीलदादा, माझ्या फुलबागेचा पाट शेजाऱ्याने अडवलाय. पाट त्याचाच म्हणतो. उन्हाळा तोंडावर आलाय. बाग वाळली तर पोरं काय खातील?"

वकिलाला चेव आला. त्याने झटकन विडा उचलला आणि मग विचारलं, "शेजारी कोण?"

अहो, आधी विचारायचं ते नंतर विचारलं! सगुणाने नाव सांगितलं आणि वकिलाच्या हातातला विडा हातातच राहिला.

शेजारी म्हणजे एक मळेकरी, आणि तो वकिलाच्या ओळखीचा होता. पूर्वी बैलावरून झालेल्या भांडणात वकिलाने त्याचाच विडा उचलला होता. तेव्हा बोलता बोलता तो म्हणाला होता, "खरं सांगू? पाट माळणीचाच. माझ्या बापाने हद्दीचा दगड हळूच सरकवला."

आता काय करायचं? ते सांगावं तर मळेकऱ्याला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर सगुणासाठी लढायचं ते तोंड बांधून. आणि विडा परत करावा तर ती कारण विचारणार. कारण सांगायला तोंड उघडलं की तेच बाहेर पडणार!

त्या दिवसापासून वकिलाला चैन पडेना. बसला की उठायचा, उठला की येरझाऱ्या घालायचा. दाराची कडी वाजली की दचकायचा.

"अहो, झालंय तरी काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही झालेल्या माणसाचं तोंड असं असतं होय? मला सांगायचं नसेल तर नका सांगू. पण नदीकाठी जाऊन या."

नदीकाठी एक म्हातारे वकील राहायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. अडलेल्या वकिलाने त्यांच्याकडे जावं, पाठीला पाठ लावून बसावं, कुणाचं नाव न घेता अडचण सांगावी. तोंड दिसत नाही म्हणून लाज नाही. तिथलं बोलणं राजानेसुद्धा विचारायचं नाही, असा हुकूमच होता.

सोय चांगली होती, पण जायचं कुणी? वाट भर बाजारातून जायची. लोक म्हणतील, एवढा मोठा वकील, आज आबांकडे निघालाय, काहीतरी शेण खाल्लं असणार!

वकील निघाला खरा. बाजारात चार ओळखीचे चेहरे दिसले, तसा कोथिंबिरीची जुडी घेऊन परत फिरला. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको म्हणाली, "आता या कोथिंबिरीचं करू काय?"

इकडे सगुणा येऊन सांगायची, "दादा, जाई गेली. मोगरा अजून तग धरून आहे. आपली बाजू भक्कम आहे ना?" वकील म्हणायचा, "बघतो." जगाला सल्ला देणाऱ्याला स्वतःसाठी सल्ला मागता येत नव्हता. चीड येते अशा माणसाची, आणि कीवही येते.

सुनावणी आली. वकील उभा राहिला, पण शब्द अडखळू लागले. तेवढ्यात मळेकरी ओरडला, "महाराज! या माणसापुढे मी माझं पोट उघडं केलंय. हा माझ्याविरुद्ध कसा उभा राहतो?"

दरबारात कुजबुज झाली. राजाने विचारलं, "खरं आहे?"

वकिलाने मान खाली घातली.

"मग आज खटला चालणार नाही," राजा म्हणाला. "बाईंनी नवा वकील करावा. तारीख उन्हाळा सरल्यावर. तोवर पाट आहे तसाच राहील."

वकील दरबारातून निघाला तो भर दुपारी बाजारातून थेट नदीकाठी गेला. कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आबांच्या पाठीला पाठ लावून त्याने सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडला.

आबा हळू आवाजात म्हणाले, "पहिल्याच दिवशी विडा परत करायचा होतास. 'मला हे काम घेता येत नाही, कारण विचारू नकोस,' एवढंच म्हणायचं आणि तिला दुसऱ्या वकिलाच्या दारापर्यंत सोडून यायचं. हद्दीचा दगड सरकवलाय, हे त्याने आपलं आपण शोधून काढलं असतं. माझ्याकडे आला असतास तर हे सांगायला मला कितीसा वेळ लागला असता?"

"आता काय करू?"

"आता तिच्याकडे जा. चूक तुझी होती, ते तिला सांग."

वकील गेला. सगुणा वाळलेली रोपं उपटत होती. त्याने हात जोडले, म्हणाला, "सगुणाबाई, मला हे काम घेताच येत नव्हतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी."

सगुणाने हातातलं वाळकं रोप बाजूला टाकलं आणि म्हणाली, "दादा, तेव्हाच नाही म्हणाला असतात तर मी दुसरीकडे गेले असते. मला काही राग आला नसता."

उन्हाळा सरल्यावर नव्या वकिलाने खटला जिंकला. पाट मोकळा झाला, पाणी खळखळत आलं. पण त्या पाण्याची वाट पाहणारं एकही झाड बागेत उरलं नव्हतं. सगुणा पोरांना घेऊन दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जाऊ लागली.

म्हणून सांगतो: अडल्यावर सल्ला विचारण्यात कमीपणा नाही, पण लाजेपोटी जो विचारत नाही, त्याच्या चुकीची किंमत त्याच्यावर विसंबलेला माणूस भरतो.