कुंचीतलं पिल्लू

एका गावात एक भोळा बाप होता. नाव भिवबा. सांगितलेलं तो मन लावून करायचा, आणि घरच्यांची खरी डोकेदुखी तीच होती.

थोरली लेक बकुळा एकदा शाळेतली कविता घोकत होती:

बोका बसला दारावर,
मनी निघाली भरभर,
तोंडामध्ये पिल्लू तिच्या,
सात घरं, बाई, सात घरं!

"ह्याचा अर्थ काय गं?" भिवबानं बायकोला विचारलं.

यमुना बाळंतीण. बाजेवरूनच म्हणाली, "संकट आलं की आपलं जे असेल ते उचलायचं आणि दुसरीकडे न्यायचं. मनीसारखं."

दुपारी दारात कुत्रं आलं. भिवबानं भाकरी तोंडात धरली आणि सात घरं फिरला. सातव्या घरी त्याला कुणी काही विचारलं नाही. मुकाट्यानं भाजी वाढली.

"अहो, तोंडात मांजर धरतं," यमुना म्हणाली. "माणसानं पोटाशी धरावं!"

"अस्सं होय!"

दुसऱ्या दिवशी दुधावर मांजर आलं. भिवबानं पातेलं पोटाशी धरलं आणि सात घरं फिरला. परत आला तेव्हा पातेलं रिकामं, सदरा ओला आणि मागोमाग मांजर, वाट चाटत.

यमुनाला हसूही आलं आणि रडूही. "दूध म्हणजे काय पिल्लू? कुंचीत असतं ना, ते आपलं पिल्लू. बाकीच्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. उद्या बारसं आहे. माझ्या माहेरची माणसं येणार. त्यांच्यापुढं मला मान खाली घालायला लावू नका हो."

भिवबाला फार वाईट वाटलं. उद्या चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

बारशाला आधी वरवंटा नटवतात आणि बाळासारखा पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. म्हणून आत्याबाईंनी वरवंटा धुतला, बाळाची कुंची काढून त्याला घातली, काजळाचं बोटही लावलं आणि तो पाळण्याशेजारी ठेवला. बाळ पाळण्यात उघडंच झोपलं होतं.

"आई आली वाटतं! जरा बाळाकडे बघा," असं भिवबाला सांगून यमुना ओटीवर गेली. तेवढ्यात तिचे मामा आत डोकावले. जाड मिशा, घारे डोळे, घोगरा आवाज.

"कुठाय रे लबाड?"

बोका! भिवबानं कुंची उचलली, पोटाशी धरली आणि मागच्या दारानं सुटला.

सात घरं झाली. घामाघूम होऊन तो परतला, तर बायका पाळण्याभोवती थिजलेल्या. पाळणा रिकामा. यमुना पाळण्यातली दुपटी उपसत होती.

"घाबरू नकोस," भिवबा म्हणाला. "पिल्लाला धक्कासुद्धा लागला नाही." आणि त्यानं कुंची तिच्या ओटीत ठेवली.

"अहो, हा वरवंटा!"

"हा वरवंटा?" भिवबानं डोकं खाजवलं. "मग पाळण्यात उघडा पडला होता तो कोण?"

"तो तुमचा मुलगा!"

"अरेच्चा! त्याला मी स्वयंपाकघरात पाट्यावर ठेवून आलो. जागच्या जागी."

बायका धावल्या. पाट्यावर बाळ मजेत पाय झाडत होतं, आणि त्याच्या गालाला लसणीची चटणी लागली होती.