वानराची आकडी आणि मोराची डुलकी

मुलांनो, एका रानात हरणांच्या कळपाने एका वानराला राखणीला ठेवले होते. हरणे खाली चरत, वानर उंच फांदीवरून चौफेर नजर ठेवी आणि बिबट्या दिसला की "खक्! खक्!" ओरडे. त्या बदल्यात कळपाच्या सोबतीने त्याला पाणवठ्यावर निर्धास्त उतरता येई. एकट्या वानराला ते सुख कुठले!

एके दिवशी पाणवठ्यावरच वानराला आकडी आली. तो कोसळला आणि हातपाय झाडू लागला. हरणांची तारांबळ उडाली. कोल्हा शहाणपणा करत रानकांदा घेऊन धावला आणि बिचाऱ्याच्या नाकात कोंबू लागला. थोड्या वेळाने वानर आपोआप शुद्धीवर आला, तेव्हा कळपाचा म्होरक्या लांब उभा राहूनच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. तुझा काय भरवसा?"

"दादा, आकडी मला क्वचितच येते. बसायला खालची जागा द्या, जोडीला कुणीतरी द्या, एवढंच," वानर काकुळतीने म्हणाला. पण ऐकतो कोण! त्याच्या जागी धडधाकट मोर आला.

मोर देखणा होता, पण ऊन चढले की पेंगत असे. म्होरक्याला ते रोज दिसे आणि त्यात काही वावगे वाटत नसे. एका दुपारी मोर असाच पेंगत असताना बिबट्या गवतातून सरपटत पाडसांपर्यंत आला. तहानेला वानर तेव्हा लांबच्या झाडावर बसून पाण्याकडे बघत होता, कारण एकट्याने उतरायची त्याची छाती होत नव्हती. तो जीव तोडून ओरडला, "खक्! खक्!" हरणे उधळली आणि पाडसे वाचली.

कळपातली म्हातारी हरिणी म्होरक्यावर चांगलीच उखडली. "याची आकडी तेवढी तुझ्या डोळ्यांत खुपली. मोराची रोजची झोप कशी रे चालली तुला?"

म्होरक्याने मान खाली घातली आणि स्वतः जाऊन वानराला परत आणले. त्याला मऊ गवताच्या बुटक्या टेकाडावर जागा मिळाली. शेजारी हरिणी बसू लागली.

पुढे एकदा त्याला पुन्हा आकडी आली. या वेळी कुणी आरडाओरडा केला नाही. हरिणीने नाकाने त्याला हळूच कुशीवर वळवले आणि राखण आपल्याकडे घेतली. कोल्हा रानकांदा घेऊन आलाच होता, त्याला तिने हाकलून दिले. डोळे उघडताच वानराने घाबरून विचारले, "काकू, माझं काम गेलं का?"

"कसलं जातंय! पडून राहा जरा, मी बघतेय."

वानराचा जीव भांड्यात पडला. खाली हरणे निवांत चरत होती.

तात्पर्य : आकडी येते म्हणून कुणाचे काम काढून घेऊ नये, तो पडला तर शेजारी बसावे आणि उठला की त्याचे काम त्याला द्यावे.