काठावरची हाक

खाडीतल्या बेटावर भिकूबाई तांडेल एकटीच राहायची. नवरा गेला, मुलगी सासरी गेली आणि बेटावर पाऊल टाकायला कुणी उरलं नाही. त्यात पलीकडच्या काठावरच्या बागायतदारानं बेटावर हक्क सांगितला. वाद मिटवायला दोघांनी मिळून लवाद नेमले ते रावसाहेब सरपोतदार. त्यांनी बेट बागायतदाराला देऊन टाकलं आणि निवाड्यात लिहिलं, 'बेटावर जाऊन बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं.'

भिकूबाई कोर्टाची पायरी चढली. तिथं सरपोतदार ताठ मानेनं म्हणाले, "बाईंच्या ओटीवर मी चांगला तासभर बसलो होतो."

"होडी कुणी वल्हवली, रावसाहेब?" भिकूबाईनं विचारलं.

"तुमच्याच गड्यानं. भला माणूस होता."

भिकूबाई न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, बेटावर यायला होडी एकच, ती माझी. येणाऱ्यानं काठावरून हाक मारायची आणि मी वल्हवत जाऊन त्याला आणायचं, ही आमची रीत. घरात गडी असता, तर मी रोज मांजराशी बोलत बसले असते का?"

कोर्टात हशा पिकला. होडी एकच आहे, हे बागायतदारालाही नाकारता येईना. सरपोतदारांची मान खाली गेली.

न्यायाधीशांनी निवाडा रद्द केला. "आता नवा लवाद येईल, बाई. तो बेटावर नक्की येईल. त्याला काही निरोप?"

"हाक हळू मारली तरी चालेल म्हणावं," भिकूबाई म्हणाली. "माझे कान काठाकडेच असतात."