मोडलेली कमान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राणीचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिच्या राजधानीत समुद्राची खाडी पार आतवर शिरली होती. अलीकडे बाजार आणि वैद्य, पलीकडे दाट वस्ती. पावसाळ्यात होड्यांची ये-जा बंद पडे, आणि आजाऱ्याची खाट खाडीला वळसा घालून आणेपर्यंत फार उशीर झालेला असे.

राणीने स्थपतीला बोलावलं. "पूल बांधा," ती म्हणाली, "पुरा झाला की मानाचं कडं माझ्या हाताने तुम्हाला घालीन."

स्थपती हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलं ठाऊकही होतं. भर पावसाळ्यात तो कामाला लागला. त्याने भरती-ओहोटी पाहिली, तळाचा खडक तपासला, वाऱ्याचा जोर जोखला. खवळलेल्या खाडीत तेव्हा एकही होडी नव्हती. कोळ्यांनी डोलकाठ्या उतरवून होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकून ठेवल्या होत्या. डोळ्यांपुढे नव्हतं, ते आराखड्यातही आलं नाही.

वर्षं गेली. खांब उभे राहिले, आणि त्यांच्यामधून होड्या खुशाल ये-जा करत राहिल्या. पण आराखडा ठरलेला होता, म्हणून डोलकाठ्यांची उंची मोजावी असं स्थपतीच्या मनातही आलं नाही. मग एका पावसाळ्यात मधली कमान बसली. नगर आनंदलं. दसऱ्याचा मुहूर्त ठरला, शेजारच्या राजांना आमंत्रणं गेली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी स्थपती कोळीवाड्यात आमंत्रण द्यायला गेला. किनाऱ्यावर डोलकाठ्या चढवणं चाललं होतं. त्याने एका डोलकाठीकडे पाहिलं, मग वळून कमानीकडे पाहिलं. कमान चांगली दोन पुरुष बुटकी होती.

"नाखवा, तुम्ही आधी बोलला का नाहीत?" त्याने कोळ्यांच्या म्होरक्याला विचारलं.

"आमी म्हटलं, येवढा शाना मानूस, मधी उंच करनारच," नाखवा म्हणाला. "तुमी इचारलं नाय, आमी सांगितलं नाय."

स्थपती तसाच तडक राजवाड्यात गेला. त्याचं ऐकून प्रधान म्हणाला, "त्यात काय मोठंसं? डोलकाठ्या कापायला सांगा."

"काठी कापली की शीड आखूड होतं. आखूड शिडाने खोल समुद्र गाठता येत नाही. कोळीवाडा उपाशी मरेल," स्थपती म्हणाला. "कमान मोडायला हवी."

राणीचा चेहरा कठोर झाला. "चूक तुमची, आणि पाहुण्यांपुढे नाक कापलं जाणार माझं. कमान मोडली तर कडं विसरा."

"विसरलो, राणीसाहेब. मी बांधली, मीच मोडतो, आणि मीच पुन्हा बांधतो."

राणीने खिडकीतून कमानीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोडा."

पहिला घण त्यानेच घातला. त्याचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. बाजारातले लोक हसत, "वरातीमागून घोडं आलं हो," म्हणत. तो मुकाट्याने दगड उतरवत राही. काही दिवसांनी नाखवा आपली माणसं घेऊन आला. "गप बसायची चूक आमचीबी हाय," एवढंच बोलून त्याने दगड होडीत भरायला घेतले.

दोन्हीकडचे चढ नव्याने रचावे लागले. थंडी गेली, उन्हाळा गेला, पण काम थांबलं नाही. अखेर उंच कमान उभी राहिली.

उद्घाटनाच्या दिवशी राणी पुलाच्या मध्यावर आली, तेव्हा ओहोटी लागली होती आणि होड्या समुद्रावर निघाल्या होत्या. तिने मिरवणूक थांबवली. खालून एकेक डोलकाठी सरकत गेली. स्थपती कठडा घट्ट धरून उभा होता. शेवटची होडी मोकळ्या पाण्यात गेली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"आता पूल पुरा झाला," राणी म्हणाली. कडं तिने दिलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्या नगरात कुणीही काही बांधायला घेतलं, की आधी विचारी, "इथून कोण कोण जातं?"

तात्पर्य: आपली चूक आपल्या हाताने मोडायची ज्याची तयारी असते, त्याचंच काम टिकतं.