खारूताईची शाबासकी

“आणि पोर चुकलं तर?” उजागरे सरांनी विचारलं.

“चुकलं तर पट्टी लाल होते, सर. मग खारूताई म्हणते, पुन्हा करून बघू या.”

“कोण म्हणतं?”

“खारूताई.” प्रबोधनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक खार झुपकेदार शेपटी हलवत उभी होती. “चार ते आठ वर्षांची मुलं असतात ना, सर. त्यांना समोर कुणीतरी गोड लागतं.”

सरांनी खारीकडे पाहिलं. खारीनं डोळे मिचकावले.

“गोड आहे,” सर म्हणाले.

एस्तेरला हसू आलं. ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

प्रबोध आणि एस्तेरच्या लग्नाला दोन महिने झाले होते. सरांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना लग्नाला पुण्यापर्यंत येता आलं नव्हतं. म्हणून नवं जोडपं सकाळीच मोटारसायकलवर नगरला आलं होतं, मिशनच्या कंपाउंडातल्या या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि शाळेनं टाकून दिलेला एक जुना पियानो. पियानोनं अर्धी खोली खाल्ली होती. सरांनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. दोनच वाक्यांची. आमेन म्हणून होतंय न होतंय, तोच प्रबोधनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

याच खोलीत प्रबोध सरांकडे अकरा वर्षं पियानो शिकला होता. आता पुण्यात दोन मित्रांबरोबर त्यानं लहान मुलांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. घरी एक कीबोर्ड घ्यायचा, समोर लॅपटॉप ठेवायचा. वरून रंगीत पट्ट्या खाली येतात. जिच्यावर पट्टी येईल ती कळ दाबायची. बरोबर असेल तर हिरवं, नाहीतर लाल. सगळा धडा हिरवा झाला की खारूताई टाळ्या वाजवते आणि म्हणते, “शाब्बास!”

तो आवाज प्रबोधचाच होता, बारीक करून घातलेला. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात एस्तेर स्वयंपाकघरात भाकरी टाकत होती. भाकरी टम्म फुगली आणि नेमकं त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून आलं, “शाब्बास!” तिनं लाजून वळून पाहिलं होतं. नवरा पाठमोरा, हेडफोनची वायर शोधत होता.

आशीर्वाद ही चारचौघांत सांगायची गोष्ट झाली. प्रबोध खरा कशासाठी आलाय हे एस्तेरला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं, लग्नानंतर चौथ्या दिवशी, सांगायचं नसताना. अकरा वर्षांत सरांनी त्याला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. एकदाही. तेवढा एक शब्द घ्यायला तो सव्वाशे किलोमीटर आला होता. घरी तो चहा केला की विचारायचा, “कसा झालाय?” आणि तिनं कप उचललेलाही नसायचा. आता ती कप उचलता उचलताच “छान” म्हणायला शिकली होती.

“सात हजार घरांत पोचलंय, सर.”

“सात हजार…”

“तुमच्याकडे एका वेळी किती मुलं असायची?”

“एक,” सर म्हणाले.

प्रबोध हसला. सर हसले नाहीत. त्यांचं उजवं बोट खुर्चीच्या हातावर चालू होतं. टक, टक, टक, टक. ते कायमच चालू असायचं म्हणे. जेवतानाही, उपदेश ऐकतानाही. मघाशी डोक्यावर हात ठेवला होता, तेव्हाही एस्तेरच्या पदरावर ते बोट हळूच मोजत होतं. आशीर्वादही चार मात्रांत बसवलेला.

“या सात हजार पोरांच्या शेजारी बसतं कोण?”

“कुणी बसावंच लागत नाही. तेच तर आहे, सर! आई आपली कामं उरकते, पोर आपलं शिकतं.”

“एकटं?”

“खारूताई असते ना.”

“हं… आणि रडलं तर?”

प्रबोधनं एस्तेरकडे पाहिलं. ती पेल्यात बघत होती.

“तीस सेकंद काही वाजलं नाही, तर ती विचारते, आज इथंच थांबू या का?”

सरांनी पडद्यावरच्या खारीकडे पुन्हा पाहिलं.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “मी कधी विचारलं नाही.”

“नाही, सर.” हे इतकं पटकन आलं की खोलीत जरा गारवा आला. “आणि ती मारत नाही.”

“मी मारायचो.”

“हो, सर.”

“पेन्सिलीनं.”

“फूटपट्टीनंही.”

“फूटपट्टी नंतर आली,” सर म्हणाले. “तुझी पेरं टणक झाली तेव्हा.”

यावर हसावं की काय करावं, एस्तेरला कळेना. नवऱ्यानं दोन्ही हात मांडीखाली घातलेले तिला दिसले. तिशीतला माणूस. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं हात लगेच बाहेर काढले आणि उगाच कळफलकावर काहीतरी दाबलं.

“तेच मनात होतं, सर, हे बनवताना. म्हटलं, एकाही पोराला अशी भीती वाटायला नको. शिकायचं तर हसत शिकावं.”

“बरोबर आहे.”

त्याला हे अपेक्षित नव्हतं. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं आत बोलावून पाट मांडावा, तसं त्याचं झालं.

सर खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. गुडघे वाजले. ते पियानोच्या स्टुलावर जाऊन बसले.

“मला शिकव,” ते म्हणाले.

“सर, काहीतरीच काय…”

“सात हजारांना शिकवतोस. आठवा हजार सुरू कर.”

प्रबोधनं लॅपटॉप पियानोवर ठेवला. तो माईकमधून ऐकतो, वायर लावायची गरज नाही, हेही सांगून झालं. पहिला धडा होता चार छोट्या ओळींचा, पाच सुरांचा. चार वर्षांच्या मुलानं वाजवायचा. पट्ट्या खाली येऊ लागल्या. सरांनी त्यांच्याकडे फार पाहिलं नाही. पहिली ओळ वाजवली, हात किंचित उचलला, मग दुसरी सुरू केली.

लाल.

“अरेरे!” खार म्हणाली. “पुन्हा करून बघू या!”

नवऱ्याचा आवाज नवऱ्याच्याच गुरूला बारीक स्वरात सांगत होता. प्रबोध घाईनं आवाज बंद करायला पुढे आला.

“राहू दे,” सर म्हणाले. “शिकवतेय ती.”

पुन्हा वाजवलं. पुन्हा ओळीच्या शेवटी हात उचलला. पुन्हा लाल.

“सर, तुम्ही ओळ संपली की थांबताय. तिथं पाव मात्रा जाते.”

“तिथं लोक श्वास घेतात.”

रविवारी चर्चमध्ये पियानोवर सरांच्या शिकवणीतली मुलं बसायची, हे एस्तेरला ठाऊक होतं. प्रबोधही बसला होता. गाणारे दीडशे लोक, त्यांत निम्मे म्हातारे. ओळ संपली की त्यांना दम घेऊ द्यायचा, हा सरांचा पहिला धडा. तो विसरला म्हणून प्रबोधनं पहिला मार खाल्ला होता.

“पण इथं लोक नाहीत ना, सर,” प्रबोध समजुतीनं म्हणाला. “पोर घरी एकटंच…”

तो मधेच थांबला.

“बरोबर,” सर म्हणाले. “तिसऱ्यांदा.”

तिसऱ्यांदा सरांनी कुठंही हात उचलला नाही. ओळीला ओळ चिकटवून, श्वास न घेता, सगळा धडा एका दमात. सगळं हिरवं. पडदा ताऱ्यांनी भरला, खारीनं कोलांटी मारली आणि टाळ्या वाजवल्या.

“शाब्बास! तू तर उस्ताद आहेस!”

तारे पडायचे थांबेपर्यंत सर पडद्याकडे बघत राहिले.

“किती लवकर देतोस रे,” ते म्हणाले.

प्रबोधचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“अकरा वर्षं, सर,” तो म्हणाला. आवाज आता बारीक नव्हता. “अकरा वर्षं मी इथं येत होतो. परीक्षेत पहिला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, पेडलवर पाय जास्त आहे. पाळक साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तुम्ही म्हणालात, नखं काप. एकदा तरी, सर. काय गेलं असतं तुमचं?”

सरांनी पियानोच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली.

“सांगा ना. काय गेलं असतं?”

सर स्टुलावरून उठले. खुर्चीपर्यंत जायला त्यांना वेळ लागला. बसल्यावर त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे मान हलवली.

“बस.”

“काय वाजवू?”

“ज्यासाठी आलास ते.”

प्रबोध बसला. लॅपटॉप त्यानं मिटून बाजूला ठेवला. मग एक उपासनेचं गीत सुरू केलं. साधंच, चार ओळींचं, रविवारी कुणीही वाजवेल असं.

एस्तेरनं त्याला घरी खूपदा ऐकलं होतं. पण घरी तो खारीची परीक्षा घ्यायला वाजवायचा. मुद्दाम चुकायचा, मुद्दाम बरोबर यायचा. हे वाजवणं तिच्या ओळखीचं नव्हतं. पहिली ओळ संपली. त्यानं हात उचलला, कुणी न सांगता. तेवढ्या जागेत तिनं श्वास घेतला, आणि घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की हा श्वास त्यानं तिला दिला होता. त्याच्या खारीनं या जागेला लाल केलं असतं.

तिनं सरांकडे पाहिलं. प्रबोधची पाठ सरांकडे होती, त्याला काहीच दिसत नव्हतं.

सरांचं बोट थांबलं होतं. खुर्चीच्या हातापासून वीतभर वर, हवेत.

दुसरी ओळही तशीच गेली. बोट खाली आलं नाही. सरांचे डोळे उघडे होते, पण ते खोलीतलं काही बघत नव्हते.

तिसऱ्या ओळीत प्रबोधला बहुधा आठवलं, की आपल्याला कुणीतरी ऐकतंय. त्याची मान ताठ झाली. सूर जरासे पुढं पळाले, कौतुकाकडे हात पसरून. सरांचं बोट खाली आलं. टक. टक. टक. टक. शेवटपर्यंत.

गीत संपलं. प्रबोध वळला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पाठीमागून तो अकरा वर्षांचा दिसत होता.

“तिसऱ्या ओळीत घाई केलीस,” सर म्हणाले.

बाहेर कंपाउंडात कुणीतरी हापसा हापसत होतं. तो आवाज थांबेपर्यंत प्रबोधनं वाट पाहिली.

“आणि बाकीच्या ओळी, सर?”

सरांनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि जुन्या सवयीनं त्याला आडनावानं हाक मारली.

“तिसऱ्या ओळीत घाई केलीस, पाटोळे.”

प्रबोध उठला. लॅपटॉप पिशवीत कोंबला. दाराशी जाऊन थांबला.

“एक सांगू, सर? तुमची पद्धत संपली. आणि बरं झालं संपली. यापुढे एकाही पोराला असं पाठमोरं बसून वाट बघावी लागणार नाही.”

“बरं झालं,” सर म्हणाले.

हे त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पायऱ्यांवर त्याचे बूट वाजले.

एस्तेर उठली. पेले मोरीत नेऊन ठेवले, विसळले, पालथे घातले. नव्या सुनेचे हात. कुठल्याही घरात गप्प बसत नाहीत. परत आली तेव्हा सर तसेच बसले होते. बोट खुर्चीच्या हातावर होतं, पण आता तेही गप्प होतं. सकाळपासून ती धड दहा शब्द बोलली नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “तुमचं बोट थांबलं होतं.”

सरांनी आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं इथं राहून गेलं होतं.

“दिसलं तुला.”

“पहिल्या ओळीला थांबलं. तिसरीला परत सुरू झालं.”

सरांनी बोट मुठीत मिटून घेतलं.

“मोजायचं विसरलात तुम्ही.”

बाहेर मोटारसायकल सुरू झाली. हॉर्न वाजला, एकदा, मग लगेच पुन्हा.

“त्याला सांगू नकोस,” सर म्हणाले.

“सांगितलं तर त्याला बरं वाटेल, सर. फार बरं वाटेल. मीही सुटेन.”

“माहीत आहे.”

“मग का नको?”

तिसरा हॉर्न लांबलचक वाजला. सरांनी तो संपू दिला.

“माझ्या सरांनी मला सांगितलं होतं, पोरी, मोजायचं विसरलो म्हणून… चोवीस वर्षांचा होतो. त्यानंतर तसं पुन्हा वाजलं नाही. मी फक्त शिकवलं.”