आगीकडे धावलेला माणूस

फार वर्षांपूर्वी नांदरुख नावाच्या एका लहानशा गावात चोरी झाली. केरूबाईने पेरणीसाठी राखून ठेवलेले ज्वारीचे बियाणे कोणीतरी दिवसाढवळ्या उचलून नेले. केरूबाई आणि तिचा नवरा शेतावर गेले होते. घरात फक्त म्हातारी सासू होती, आणि तिला डोळ्यांनी दिसत नव्हते.

त्याआधी गावात चोऱ्या झाल्याच नव्हत्या असे नाही. पण बियाणे चोरणे म्हणजे येत्या वर्षाची भाकरी चोरणे. लोक हादरले. पाणवठ्यावर बायका हळू आवाजात बोलू लागल्या.

चोर लवकरच सापडला. गावातलाच सटवा. त्याच्या घरी काही कमी नव्हते. दिसले, आजूबाजूला कोणी नव्हते, म्हणून उचलले.

गावचे पाटील होते येसाजी. माणूस सरळ, पण मनात आलेली गोष्ट लगेच तडीस नेणारा. त्यांनी चावडीसमोर गाव गोळा केला.

"चोराला दंड करायचा, थोडे दिवस तो खाली मान घालून फिरणार, मग पुन्हा कोणीतरी चोरणार. हे कुठवर चालायचं?" येसाजी म्हणाले. "मला गुन्हाच संपवायचा आहे. आजपासून ज्याच्यावर गुन्ह्याचा डाग, तो बायकापोरांसकट शिवेबाहेर. वाईट माणसं गेली, की मागे चांगलीच उरतील."

हे ऐकून लोकांना हलके वाटले. सगळ्यांनी हात वर केले. केरूबाईनेही केला. त्याच दिवशी सटवा घरदार सोडून निघाला. त्याची बायको प्रत्येक दारासमोर थोडी थांबत होती, पण कोणी बाहेर आले नाही.

काही महिने शांततेत गेले. मग दुसऱ्याच्या शेतातल्या शेंगा तोडताना एक जण सापडला. तो गेला. तेल मापात कमी देणारी एक बाई गेली. त्यानंतर एक कुटुंब नुसत्या संशयावर गेले. दोघांनी त्या घराकडे बोट दाखवले, तेवढे पुरले.

मग गावात चोरी उरली नाही. पण वेगळेच काहीतरी सुरू झाले.

लोकांना आता चोराची भीती वाटेना. आपल्यालाच कोणी चोर म्हणेल याची वाटू लागली. रस्त्यात एक विळा पडला होता, तो कोणी उचलेना. शेजाऱ्याचे वासरू दावे तोडून अंगणात आले, तर त्याला बांधून ठेवायची हिंमत कोणाला होईना. लहान मूल हातात पेरू घेऊन घरी आले, की आई आधी त्याचा हात धरून विचारी, "कुठून आणलास? कोणी बघितलं?" घरधनी घरात नसेल, तर त्याच्या ओट्यावर कोणी टेकत नसे.

"गावात कोणी हसत नाही हो आजकाल," येसाजींची बायको एकदा म्हणाली.

"चोरीही होत नाही," येसाजी म्हणाले. पण चावडीवर ते आले की गप्पा थांबत, हे त्यांच्याही लक्षात आले होते.

असाच एक उन्हाळा आला. एका दुपारी वारा सुटलेला असताना केरूबाईच्या घरामागची कडब्याची गंजी पेटली. बघता बघता आग छपराला लागली. केरूबाई अंगणात उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडू लागली, "धावा हो! म्हातारी आत आहे!"

लोक दारांत आले. आणि दारांतच उभे राहिले.

प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता. जो पहिला जाईल, त्यालाच विचारतील, तू इतक्या लवकर कसा पोचलास? कोणी घागर उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता.

धावला तो फक्त नाथा. हा मेंढपाळ. बायकोला घेऊन त्याने अलीकडेच गावाच्या कडेला खोप बांधली होती. विहिरीवर मेंढ्यांना पाणी पाजत होता, तिथून तो घागर घेऊन तसाच पळत आला. ओले घोंगडे डोक्यावर घेऊन तो जळत्या घरात शिरला आणि म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आला.

मग बाकीचे आले. तोवर केरूबाईचे घर गेले होते, शेजारचेही गेले होते, आणि दावणीला बांधलेला बैल जळून मेला होता.

संध्याकाळी चावडीवर कोणीतरी म्हणाले, "पण हा नाथाच पहिला कसा पोचला?"

"हो की. परका माणूस."

"त्यानंच लावली असेल, आणि वर उपकार दाखवायला धावला."

नाव सापडले तसे लोक जरा मोकळे झाले. नाथा नाही, तर मग आपल्यातलाच कोणीतरी, हा विचार कोणालाच नको होता. येसाजी म्हणाले, "सकाळी गाव बसेल. तेव्हा ठरवू."

येसाजी घरी आले. त्यांचा तरणाताठा मुलगा मानाजी ताटावर बसला होता, पण जेवत नव्हता. उजवा हात त्याने उपरण्याखाली झाकला होता. येसाजींनी उपरणे बाजूला केले. तळहातावर फोड आले होते.

"हे काय?"

मानाजीने हात मागे ओढून घेतला.

"मानाजी, हे काय?"

"आबा, मी नुसती गंजी पेटवली," मानाजी म्हणाला. "घरं जळतील असं वाटलं नव्हतं. बांधावरून भांडण झालं, तेव्हा केरूबाईचा नवरा मला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला होता. म्हातारी आत आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं."

मानाजीची आई दार लावून घेत पुटपुटली, "नाथा काय, आज इथे तर उद्या तिथे. त्याला कुठंही कुरण मिळेल. आपल्याला हा एकच आहे."

येसाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वाईट माणसे नेहमी दुसऱ्यांच्या घरांत असतात, असेच ते आजवर धरून चालले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी गाव जमला. नाथा समोर उभा होता. त्याने मेंढ्या आधीच गोळा करून आणल्या होत्या आणि बिऱ्हाड बांधून ठेवले होते. आळ आला की या गावात पुढे काय होते, हे त्याने ऐकले होते. त्याची बायको पोटुशी होती. ती गाठोड्याला टेकून बसली होती.

"तुला काही सांगायचंय?" येसाजींनी विचारले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"काय सांगू, पाटील?" नाथा म्हणाला. "आग दिसली, धावलो. पण उद्या पुन्हा कुठं आग दिसली, तर धावेन का, ते आता मला सांगता येत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर येसाजींना ते सोपे गेले असते. ते नाथाच्या बायकोकडे बघत राहिले. मग उठले आणि डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली.

"आग नाथानं लावलेली नाही," ते म्हणाले. "माझ्या मानाजीनं लावली. मला हे कालपासून ठाऊक आहे. तरी मी मघाशी नाथाला विचारलं, काही सांगायचंय का. तो गप्प राहिला असता, तर कदाचित मीही राहिलो असतो."

मागून कोणीतरी ओरडले, "नियम म्हणजे नियम! मानाजीलाही शिवेबाहेर काढा!"

"होय," येसाजी म्हणाले. "नियम माझाच आहे. आम्ही तिघंही निघतो."

तेवढ्यात केरूबाई पुढे आली. तिच्या लुगड्याला अजून राख लागलेली होती.

"कुठं निघता?" ती कडाडली. "तुम्ही गेलात तर माझं घर कोण बांधील? हा मानाजी दुसऱ्या गावात जाईल, तिथं कोणाला काही ठाऊक नसेल, आणि मी इथं राखेत बसू? तो इथंच राहील. माझं घर उभं करील, शेजाऱ्याचंही करील. बैल आणून देईल. आणि माझ्या सासूपुढं रोज येऊन बसेल, म्हातारी जे बोलेल ते ऐकून घेईल."

मग ती गावाकडे वळली. "आणि काल दारांत उभे राहून बघत होता ना सगळे? तुम्हीही हात लावायचा. हात वर केला तेव्हा मीही तुमच्यात होते. सटवाची बायको माझ्या दारासमोर थांबली होती. मी आतून कडी लावली."

एक म्हातारा चाचरत म्हणाला, "पण केरूबाई, अशानं गुन्हे संपतील का?"

"मला काय ठाऊक?" केरूबाई म्हणाली. "इतकी घरं रिकामी केली, तरी माझं घर जळलंच ना?"

नाथाच्या बायकोने हळूच गाठोड्याची गाठ सोडली.

मानाजी कामाला लागला. ते सोपे गेले नाही. सुरुवातीला त्याला कोणी पाणीही देत नसे. केरूबाईचा नवरा त्याला बघून थुंकायचा. एकदा तर मानाजी माती तुडवायचे काम अर्धवट टाकून निघून गेला, आणि मग आपण होऊन परत आला. म्हातारी त्याला आधी शिव्या द्यायची. पुढे पुढे नुसती विचारायची, "आज कुठवर आली भिंत?"

गावाने तो नियम सोडला, आणि गेलेल्यांना परत यायचे निरोप गेले. सटवा परतला आणि केरूबाईच्या शेतात पेरणीला राबला. शेंगा तोडणारा आला, तेलवाली बाईही आली. पण नुसत्या संशयावर घालवलेले कुटुंब कुठेच सापडले नाही. येसाजी स्वतः गावोगाव हिंडले. कोणी म्हणे नदीपलीकडे गेले, कोणी म्हणे पुरात सापडले. ती रुखरुख येसाजींना मरेपर्यंत पुरली.

आणि गुन्हे? ते संपले नाहीत. काही वर्षांनी देवळातली पितळी समई चोरताना गावातलाच एक जण पकडला गेला. चावडीसमोर पुन्हा गाव जमला. जुनी भीती पुन्हा लोकांच्या डोळ्यांत आली, आणि मागून आवाज उठला, "हाकला त्याला!"

तो माणूस मध्ये एकटाच बसला होता. त्याच्या आसपास कोणी फिरकत नव्हते.

तेव्हा गर्दीतून मानाजी उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"आता गाव विचारील," तो हळूच म्हणाला. "खरं ते सांग. आणि पळू नकोस. मी इथंच बसलोय."

तात्पर्य: गुन्हा जगातून कायमचा जाईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही, पण माणसे हाकलून तो जात नाही. चुकलेल्याकडून नुकसान भरून घेणारे आणि मदतीला धावणाऱ्याला न घाबरवणारे गावच गुन्ह्याला पुरून उरते.