मास्तरांचा संस्कारी केंड

"पण पोवळ्यांच्या टाकीत केंड ठेवावा की नाही, एवढंच सांगा ना बाबा!"

मुरादबाबा चहात पाव बुडवून खात राहिले.

खाडीच्या तोंडाशी लहानसा दर्गा आहे, तिथले हे फकीर. फकिरी घेण्याआधी चाळीस वर्षं मच्छीमार होडीचे तांडेल होते. त्यामुळे गावात ताप आला तरी बाबा आणि जाळं फाटलं तरी बाबा.

समोर विद्याधर पडते, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मास्तर. पायाशी बादली, बादलीत केंड. डिवचला की टम्म फुगणारा आणि जाळ्यात आला तर कोळ्यांच्या शिव्या खाऊन परत पाण्यात जाणारा, तोच तो मासा.

मास्तरांची टाकी म्हणजे गावाचं कौतुक. पाच फुटी काच, आत समुद्राचं पाणी, जिवंत पोवळी, गोगलगायी, खेकडे. "यात केंड सोडलात तर चट्टामट्टा करील," असं जो तो बजावायचा. झालं! मास्तर इरेला पेटले. याच खाडीतून अंगठ्याएवढं पिल्लू नेलं आणि दोन वर्षं त्याला सोललेली कोळंबी हाताने भरवली. कवचाची चव म्हणून लागू दिली नाही.

"एका गोगलगायीला तोंड लावलं नाही त्यानं. संस्कार म्हणतात ते हेच, बाबा!"

"मग आज बादलीत का?"

मास्तरांचा चेहरा उतरला.

"अकरा दिवस झाले... खात नाही. हाताजवळ येतो, बघत राहतो, पण तोंडच उघडत नाही. मरेल हो तो."

अभिमान वगैरे ठीक, पण मास्तरांचा जीव जडला होता त्या माशावर.

बाबांनी बादलीत हात घातला आणि पाण्यातच ओल्या फडक्यात केंड धरला. बघतात तो वरचे दात वाढून खालच्यांवर चढलेले. तोंडाला जणू कडी लागली होती.

"याचे दात वाढतच राहतात, मास्तर. झिजायला कवच लागतं. मऊ खायचं ते मी." बाबांनी आपलं बोळकं दाखवलं.

मास्तर ओशाळले. उंदराचे दात सारखे वाढतात, हे पंचवीस वर्षं त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

बाबांनी तार तोडायची बारीक पक्कड आणली. कट्... कट्. केंड रागाने फुगला, मग निवला. बाबांनी खडकातली एक चिमुकली, कडक कवचाची कुर्ली धरून बादलीत टाकली.

बराच वेळ काही नाही...

मग कुडुम्! चकली मोडावी तसा आवाज.

"खाल्लं! बाबा, खाल्लं त्यानं!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता घरी नेऊन टाकीत सोडतो."

बाबांनी पक्कड त्यांच्या हातावर ठेवली.

"न्या की. ही पण न्या. दर दोन महिन्यांनी लागेल."

"आणि कवचं खायला घातली तर?"

"तर पक्कड नको."

"पण चटक लागली की माझ्या गोगलगायी, खेकडे, पोवळी..."

बाबांनी उरलेला पाव चहात बुडवला.

मास्तर पक्कडीकडे बघत बसले. चहा संपला, कप विसळून झाला, तरी बसलेच. शेवटी त्यांनी पक्कड खाली ठेवली, बादली उचलली आणि खाडीत गुडघाभर पाण्यात शिरले.

"दोन वर्षं माझ्या हातून जेवलास रे..." असं म्हणत त्यांनी केंडाला ओंजळीत घेऊन हलकेच पाण्यात धरलं.

"आई गं!"

बोट तोंडात घालून मास्तर रिकामी बादली घेऊन परत आले. रक्त येत होतं. पण बोटापेक्षा मनाला जास्त लागलं होतं.

"पाहिलंत, बाबा? इतक्या दिवसांत एकदाही चावला नव्हता हो मला!"

बाबांनी खाडीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"झाला बरा."